कुकरची शिट्टी

५ सप्टेंबर २००४, रविवार
गोटीरामला विधानसभेसाठी पक्षाचं तिकीट. पेपरात तीन कॉलमी फोटो. हाच गोटीराम बारा वर्षांपूर्वी सायकलवरून माझ्या अंबडच्या कारखान्यात कुकरच्या रबरी रिंगा घेऊन यायचा आणि केबिनबाहेरच्या बाकावर ताटकळायचा. मी कारखानदार संघटनेचा दोनदा अध्यक्ष. पक्षाकडे माझा नंबर नाही? सकाळपासून तीनदा रिसीव्हर उचलून बघितला. फोन चालू आहे.
मला हेवाबिवा वाटत नाही. फोटोत तो उगाच जास्त हसतोय, एवढंच.

८ सप्टेंबर
ठरलं. अपक्ष! निवडून येणं दुय्यम, गोट्याला पाडणं मुख्य. सरिता म्हणाली, आधी बीपीची गोळी घ्या. बायकोला व्हिजन नसतं.
निशाणीचा प्रश्नच नाही. अपक्षांच्या यादीत प्रेशर कुकर आहे. अख्खं अंबड मला कुकरवाले शेठ म्हणतं. आमचा सुपरवायझर दत्तू म्हणाला, निशाणी मिळेपर्यंत थांबू. मी म्हणालो, बिझनेसमध्ये थांबला तो संपला. साठ भिंतींवर कुकर रंगवायला पेंटर लावले.

१९ सप्टेंबर
कॉलनीचा गणपती. मंडप माझा, लाइटिंग माझं, आरतीचं ताट गोट्याच्या हातात. टाळ्या वाजवताना माझे हात दुखले. आरती त्याला पाठ नाही. नुसते ओठ हलवत होता. मी एकट्यानं शेवटपर्यंत म्हटली, पण गणपतीखेरीज कुणाचं लक्ष नव्हतं.
उद्यापासून पहाटे उठून भाषणाची प्रॅक्टिस.

२० सप्टेंबर
उठलो नाही. आवाजाला विश्रांती हवी.

२७ सप्टेंबर, दुपार
अन्याय! कुकर आणखी एकानं मागितला होता. भिका. कोपऱ्यावर पंक्चर काढतो, हौसेनं प्रत्येक निवडणुकीला उभा राहतो. निवडणूक अधिकारी साहेबांनी चिठ्ठ्या टाकल्या. कुकर भिकाला! हात जोडून मला म्हणाला, शेठ, वाईट वाटून घेऊ नका, माझ्या घरात तर कुकर बी नाय.
उरलेल्यांतून मला शिट्टी मिळाली.

२७ सप्टेंबर, संध्याकाळ
विचार केला तर शिट्टीच भारी. शिट्टीशिवाय कुकर म्हणजे नुसतं पातेलं. दत्तू म्हणाला, यादीतल्या चित्रात शिट्टी पंचाची आहे, तोंडानं वाजवायची, दोरीवाली. मी म्हणालो, शिट्टी ती शिट्टी. भिंती पुसायच्या नाहीत. कुकर राहू दे, वर वाफ काढ. खाली घोषणा: ‘कुकर कुणाचाही, शिट्टी आपलीच!’
अशी घोषणा गोट्याला सात जन्मांत सुचणार नाही.

४ ऑक्टोबर
अंबड गावात पदयात्रा. भाजीवाल्या बयाबाईनं ओवाळलं. म्हणाली, कुकरवालं शेठ ना? ध्यानात हाय, कुकर दाबायचा. मी सांगितलं, कुकर नाही, कुकरची शिट्टी. ती म्हणाली, तेच ते. जनता हुशार आहे.
पुढच्या चौकात गोट्याची सभा. गर्दी जमवलेली वाटली. मोजायला अर्धा तास उभा राहिलो. मागून कुणीतरी म्हणालं, शेठ पण आले की भाषण ऐकायला! आणि गोट्यानं स्टेजवरून मला नमस्कार केला. त्यालाही टाळ्या. माझ्या नमस्काराला आजवर कधी टाळ्या मिळालेल्या नाहीत.
भिकाचा प्रचार शून्य. दिवसभर पंक्चर. बिचारा.

१३ ऑक्टोबर, बुधवार
मतदान. गोट्या कुटुंबासह आला, फोटोग्राफर त्याच्याकडे धावले. मी रांगेतून बोट दाखवत होतो, पण शाई लागायच्या आधी. तो किती जणांशी हसतोय हे बघता बघता माझा नंबर आला. आत जरा घाई झाली. बटण दाबलं, मशीन वाजलं. शिट्टीसारखंच. शुभशकुन.
सरिता म्हणाली, मी आपल्याच निशाणीला दिलं. डोळे भरून आले. गोट्या गेला!

१६ ऑक्टोबर, शनिवार
गोट्या आला.
मला तीनशे अठ्ठ्याऐंशी मतं. कारखान्यात कामगारच चारशे आहेत. भिकाला सात हजार दोनशे.
दुपारी गोटीराम पेढे घेऊन घरी. पाया पडला. म्हणाला, शेठ, लय उपकार झाले. समोरचा पक्षवाला चार हजारांनी पडला, त्याची सात हजार मतं तुमच्या कुकरनं खाल्ली. मुलाखतीत तुमचं नाव घेतो. मी पेढा खाल्ला. चांगला होता, याचाच जास्त राग आला.
बाहेर लोकांनी भिकाला खांद्यावर घेतलेलं. पडलेल्या माणसाला खांद्यावर!

१६ ऑक्टोबर, संध्याकाळ
दत्तूनं बूथवार आकडे आणले. आमच्या बूथवर शिट्टीला शून्य. सरिताला जाब विचारला. म्हणाली, आपली निशाणी कुकर ना? साठ भिंतींवर तर तुम्हीच काढलाय. मी म्हणालो, बरं, तुझं मत गेलं, पण निदान माझं...
मशीनवरचा तो कुकर डोळ्यांपुढे आला. झाकण, दांडा, अगदी आमच्या पाच लिटरवाल्या मॉडेलसारखा. बोट आपोआप गेलं होतं.
गोटीरामवर बारा वर्षं मनसोक्त जळलो. आता भिकावर जळावं म्हटलं, तर त्याला मत देणाऱ्यांत मीही आहे.