शिऱ्याची वाटी आणि एक शब्द

चौबे कॉलोनी, रायपूर
दि. २० नोव्हेंबर २००१

सौ. गोदावरीताई यांस,
शारदाचा स. न. वि. वि.

दिवाळीत तुम्ही सगळे येऊन गेलात आणि घर अजून त्याच आनंदात आहे. तुमचे सासरे हिरालालजी ऐंशीच्या पुढे असून एवढा प्रवास करून आले, अनुश्रीला जवळ बसवून घेतलं आणि मुलगी पसंत असल्याचं सर्वांसमोर सांगितलं, त्यात मला सगळं मिळालं. तुमच्याकडे भेटताना नमस्काराऐवजी दंडवत म्हणतात, तेही फार गोड वाटलं. अनुश्री आरशासमोर दंडवत म्हणून बघते आणि मी पाहिलं की हिंदीत रागावते.

रायपूर राजधानी झाल्यापासून इथली माणसं वेगळीच वागू लागली आहेत. समोरच्या बाईंनी सहा वर्षांत कधी हाक मारली नाही. आमचा होणारा जावई, तुमचा गंधार, नव्या सचिवालयात असल्याचं कळलं मात्र, दुसऱ्या दिवशी शिऱ्याची वाटी घेऊन हजर. एवढी मानभावी बाई मी पाहिली नाही. तुमचं तसं नाही. आत एक, बाहेर एक असं तुमच्या घरात कुणी दिसलं नाही. मानभावी माणसांची मला पहिल्यापासून चीड, म्हणूनच हे घर मनात भरलं.

साखरपुड्याची तारीख लवकर कळवा. पंडरीच्या कापडबाजारात साड्या बघायच्या आहेत आणि आमच्या ह्यांना सोबत नेलं तर पहिल्याच दुकानात खरेदी संपते.

लोभ नुकताच जडला आहे, तो असाच वाढू द्यावा.

आपली,
शारदा


चांदूर बाजार
दि. २ डिसेंबर २००१

सौ. शारदाताई यांस,
दंडवत प्रणाम.

उत्तराला उशीर झाला, कारण कसं लिहावं ते सुचत नव्हतं. मामंजींना हल्ली नीट दिसत नाही, म्हणून आलेलं प्रत्येक पत्र मी त्यांना वाचून दाखवते. तुमच्या शिऱ्याच्या वाटीला ते हसले. पुढे तो शब्द आला आणि ते जेवता जेवता पाटावरून उठले. मला म्हणाले की असं पत्र काहून वाचून राहिली, आणि साखरपुड्याचं आता राहू दे.

ताई, आम्ही महानुभाव पंथाचे, चक्रधरस्वामींना मानणारे. तुम्हाला नुसतं कृष्णभक्त म्हणून सांगितलं, तो दोष आमचा. महानुभाव म्हणजे थोर मनाचा माणूस. लोकांच्या तोंडी त्याचंच मानभाव झालं. स्वामींनी उच्चनीच पाळलं नाही, म्हणून त्यांच्याबद्दल काहीबाही उठवलं गेलं. पुढे पंथाने आपल्या पोथ्या सांकेतिक लिपीत जपल्या, तर झाकून ठेवतात म्हणजे आत पाप असणार असं ठरलं. होता होता मानभावी म्हणजे ढोंगी होऊन बसलं. शंभरेक वर्षांपूर्वी ती लिपी बाहेरच्या विद्वानांना उलगडली, आणि आज मराठीतलं आरंभीचं गद्य म्हणून तेच लिखाण कॉलेजात शिकवतात. गंधार ते मान वर करून शिकला. मामंजींच्या वेळी मात्र मास्तर हजेरीत त्यांना हिरालाल मानभाव म्हणून पुकारायचे आणि सगळा वर्ग हसायचा. तेव्हापासून तो शब्द ते उच्चारत नाहीत, कागदावर तर नाहीच.

माझा तुमच्यावर राग नाही. शब्द काही तुम्ही घडवला नाही. पण मामंजींचं मन मोडून या घरात आजवर कार्य झालेलं नाही आणि मलाही ते जमणार नाही. गंधारला अजून काही कळवलेलं नाही.

मनातली माया कमी झालेली नाही, एवढं खरं समजावं.

आपली,
गोदावरी


चौबे कॉलोनी, रायपूर
दि. १९ डिसेंबर २००१

ती. स्व. हिरालालजी यांना,
शारदाचे दंडवत प्रणाम.

माझं चुकलं. मी हा शब्द जन्मभर वापरला, सासूबाईंसाठी, नणंदेसाठी, एकदा तर ह्यांच्यासाठीही. आपण कुणाचं नाव मळवतो आहोत हे माहीत नव्हतं. माहीत करून घ्यावंसं वाटलं नाही, ही खरी चूक.

पंधरा दिवस इथल्या मराठी मंडळाच्या वाचनालयातून पुस्तकं आणून वाचते आहे. चक्रधरस्वामींएवढा मोठा माणूस गावोगाव पायी हिंडला, भिक्षा मागून जेवला आणि साध्या बायामाणसांशी त्यांच्याच मराठीत बोलला. बायकांचा विटाळ त्यांनी सातशे वर्षांपूर्वी मानला नाही, हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून मी रडले. सासरी मी वीस वर्षं महिन्यातले तीन दिवस मागच्या दाराशी बसून काढलेत. आमच्या घरात कुणी त्यांचं ऐकलं असतं तर. आणि तो ससा, शिकाऱ्यांना घाबरून त्यांच्या मांडीखाली शिरलेला. तो प्रसंग मी ह्यांना दोनदा वाचून दाखवला.

काल इथे सतनामी पंथाच्या गुरू घासीदासांच्या जयंतीची सुट्टी होती. आमची भाजीवाली पांढरी साडी नेसून मिरवणुकीत चालली होती. ती सांगते की तिच्या आजीला सतनामी म्हणून विहिरीवरून हटकायचे. काल त्याच नावाचा जयजयकार भर रस्त्यात चालला होता आणि मोठमोठे अधिकारी हात जोडून उभे होते. नाव तेच राहिलं, लोकांना शहाणपण उशिरा आलं. माझाही नंबर त्यातच लावा.

माझ्या जिभेची शिक्षा अनुश्रीला देऊ नका. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली की तिला याच घरात यायचं आहे, आणि कुणी विचारलं तर मानभावांची सून आहे असंच ती सांगणार. हिंदीत म्हणाली, पण म्हणाली.

डोक्यावरचा हात काढू नये, एवढंच मागते.

आपली,
शारदा


चांदूर बाजार
दि. २८ डिसेंबर २००१

चि. सौ. शारदा हिस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र सुनेकडून लिहून घ्यायचं नाही असं ठरवलं. अक्षर मोठं आणि वाकडं आलं आहे, ते चालवून घे.

तुझं पत्र तीनदा वाचायला लावलं. सशाचं तू लिहिलंस, पण शिकाऱ्यांचं लिहायचं राहिलं. स्वामींनी त्यांना हाकललं नाही, जवळ बसवून समजावलं. हा प्रसंग मी लहानपणापासून ऐकतो आहे आणि नेमकं तेच विसरलो. आमचे मास्तर जाऊन चाळीस वर्षं झाली. त्यांच्यावरचा राग मी तुझ्या पोरीवर काढत होतो. मला त्याची लाज वाटते.

साखरपुडा २६ जानेवारीला करू, सगळ्यांना सुट्टी असते. समोरच्या बाईंनाही बोलाव. त्यांचा शिरा खाल्लास, मग आता त्यांना ढोंगीही म्हणू नकोस.

अनुश्री काय सांगणार आहे ते कळलं. तेवढं त्या पोरीने एकटीने सांगावं हे बरं दिसत नाही. म्हणून खाली पूर्ण सही करतो आहे. शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच.

तुम्हा सर्वांची माया या म्हाताऱ्यावर राहो.

तुझा,
हिरालाल मानभाव