मागच्या खोलीत भिंत घालू नये

हे वाचायला बसलेल्या माझ्या लेकाने आधी उठून गॅसवरचे दूध उतरवावे. ठेवले आहेस आणि विसरला आहेस, हे मला मेल्यावरही ठाऊक असणार. उतरवलेस? आता वाच.

मी, खाली अंगठा उठवणारी, वय एक्क्याऐंशी, विणकाम कारखान्यातली निवृत्त मुकादम, सध्या मुक्काम हाडांचा दवाखाना, खाट सहा, खुबा नवा पण डोके जुनेच आणि ताळ्यावर असताना, कोणाच्या धाकाने वा लाडीगोडीने नव्हे तर राजीखुशीने हे मृत्युपत्र सांगत आहे. मला अक्षर येत नाही. मी बोलते, वकीलबाई लिहितात. मधेच म्हणतात, "आजी, हे कायद्यात बसत नाही." बसत नसेल तर उभे राहू द्या, पण लिहा.

कलम १. गेल्या वर्षीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी मागच्या खोलीत मधोमध भिंत घालून अर्धी नातवाला, अर्धी नातीला दिली होती. ते सांगताना दोन दिवस घास उतरला नव्हता. सख्खी भावंडे आठ महिने एकमेकांशी बोलत नव्हती, दुसरे करणार काय?

कलम २. भांडण कशाचे, ते नोंदवून ठेवते. ब्लॉकचेन म्हणजे हजार घरांत ठेवलेली एकच वही. पुढचे पान कोणी लिहायचे, हे सगळ्या यंत्रांनी एकमताने ठरवायचे असते. थोरल्याची, म्हणजे नातवाची, बावीस यंत्रे त्यासाठी दिवसरात्र आंधळेपणाने आकडे फेकत. ज्याचा आकडा लागला, त्याचे पान. बाकीच्यांची मेहनत पाण्यात. चार वर्षे मागच्या खोलीची भिंत तव्यासारखी तापलेली आणि पोरगा त्या घरघरीतच झोपायचा. झोपायचा कसला, पडायचा.

धाकटी, म्हणजे नात, म्हणाली, "दादा, एवढी वीज जाळायचीच तर यंत्रांना काही शिकवू या." तिचे न्यूरल नेटवर्क आहे. मी त्याला जाळे म्हणते. हाडांचे हजारो फोटो दाखवून त्याला चीर ओळखायला शिकवायचे. ज्याचे यंत्र जाळ्याला चांगले शिकवील, पुढचे पान त्याचे.

थोरल्याचा सवालही खोटा नव्हता. "माझा आकडा खरा की खोटा, क्षणात कळतं. तुझं जाळं कोणी खरंच शिकवलं की दुसऱ्याचं ढापलं, हे कसं कळणार? सगळं पुन्हा शिकवून बघणार?" धाकटी रडली, थोरला ओरडला, आणि अबोला सुरू.

कलम ३. उत्तर माझ्याकडे होते, पण अंगठाछाप बाईला विचारतो कोण! शेवटी मीच धाकटीला बोलावून सांगितले. आमच्या बायका घरी स्वेटर विणून आणायच्या. काही जणी बाजारातून तयार आणून "मीच विणला" म्हणायच्या. सगळा उसवून बघत बसले असते तर कारखाना बुडाला असता. म्हणून माझा नियम असा, की रोजचे काम जिथे थांबेल तिथे लाल दोऱ्याची गाठ मारायची. मग मी कोणत्याही दोन गाठींवर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "एवढाच तुकडा माझ्यासमोर पुन्हा विण." कोणता ते आधी सांगायचे नाही. हाताचा ताण जुळला तर काम तिचे. नाही जुळला तर बाई घरी.

धाकटी माझ्याकडे बघतच राहिली. आता प्रत्येक यंत्र जाळे शिकवताना ठरावीक अंतराने त्याची अवस्था जपून ठेवते आणि मोहोर लावते. बाकीची यंत्रे कोणत्याही दोन गाठींमधला तुकडा पुन्हा शिकवून पडताळतात.

कलम ४. गेल्या आठवड्यात एकोणीस घरांतल्या यंत्रांवर चाचणी झाली. तेव्हा मी इथे पाय टांगून पडले होते. परवा थोरला आला. चेहरा बघून म्हटले, आता काय जळले?

"आजी, चोर सापडला."

"कोण रे मेला?"

"मीच. खोट्या नावाने घुसलो. एकाचं तयार जाळं उचललं आणि मधल्या गाठी मनाने मारल्या."

"कितव्या तुकड्याला सापडलास?"

"दुसऱ्याच! सगळ्या यंत्रांनी मिळून माझं पान फेकून दिलं." आणि हसत सुटला. चार वर्षांत मी त्याचे दात पाहिले नव्हते. "पण तिला सांगितलंय, गाठी अजून जवळ घे. एक फट आहे, तिथून मी निसटलो असतो."

"सांगितलंस? म्हणजे बोललास तिच्याशी?"

"पहाटेपर्यंत भांडत होतो."

भांडत होते! माझ्या छातीवरचा बावीस यंत्रांचा भार उतरला.

कलम ५. सबब मागची खोली अखंड, दोघांच्या सामाईक मालकीची. सोळा यंत्रे जाळे शिकवायला चालतात, ती राहू द्यावीत. सहांना आकडे फेकण्याखेरीज काही येत नाही, ती भंगारवाल्याला द्यावीत. अट एकच. थोरल्याने महिन्यातून एकदा मन लावून लबाडी करावी आणि धाकटीने ती पकडावी. ज्या महिन्यात पकडता येणार नाही, त्या महिन्यात दोघांनी एकत्र बसून फट बुजवावी.

कलम ६. मी थोरल्याच्या वायरीला अडखळून पडले, असे तो मनाशी धरून बसला आहे. हे साफ चूक आहे. मी माझ्याच चपलेत अडखळले. वकीलबाई, याखाली रेघ मारा.

कलम ७. पुढच्या दोन खोल्या लेकाला. साठवलेले पैसे छपराला, दुसऱ्या कशाला नाही. विणकामाच्या सुया सुनेला, कारण ती वापरणार नाही पण जपेल. नणंदेने बावीस वर्षांपूर्वी नेलेले मोठे पातेले तिला दिलेच असे समजावे. त्याचे झाकण माझ्याकडे आहे. ते मिळणार नाही.

कलम ८. ज्या मॅनेजरसाहेबांनी माझी गाठींची पद्धत स्वतःच्या नावावर खपवून बढती घेतली, त्यांना मी आजपासून माफ करते. त्यांच्यासाठी नव्हे. आता मला हलके झोपायचे आहे.

वरील मजकूर मला दोघी साक्षीदारांनी वेगवेगळा वाचून दाखवला. दोन्ही वाचने जुळली, म्हणून अंगठा उठवला.

लिहिणार: वकीलबाई (सही)
साक्षीदार: खाट सातवरची शिंपीण (सही), दिवसपाळीची नर्स (सही)
डाव्या हाताचा अंगठा
स्थळ: खिडकीकडची खाट. मंगळवार, ९ मार्च.

जाता जाता, हे मेल्यावर नव्हे, आत्ताच लेकाला वाचून दाखवावे. उद्याचा डबा थोरल्याने आणि धाकटीने मिळून आणावा. लोणी लावलेला पाव, सहा उकडलेली अंडी, मिरपूड वेगळ्या पुडीत. दोन मला, चार त्यांना, इथेच माझ्यासमोर खायची. सूप पाठवू नये.