दिवेलागणीचे पाय

१२ जानेवारी
सकाळी कप हातातून सुटला. फुटला नाही. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ, थेट कोपरापर्यंत.
दुपारी प्रुफं. पान संपायच्या आत पेन दोनदा खाली ठेवलं.
दिवेलागणीला सासूबाई पलंगावर आडव्या झाल्या, साडी पोटऱ्यांपर्यंत वर घेतली, छताकडे बघत राहिल्या. बोलावत नाहीत. तशी पद्धत नाही. सुनेने आपण होऊन यायचं, पायथ्याशी बसायचं, चेपायचं. लग्न झाल्यापासून हेच. थांबायचं केव्हा तेही ठरलेलं: त्या 'पुरे' म्हणतील तेव्हा. त्या म्हणत नाहीत. डोळा लागला की मी उठते. डोळे उघडतात.
'झाला एवढ्यात?'

१३ जानेवारी
स्टेशनजवळची फिजिओथेरपिस्ट. लहान वयाची, तुटक बोलते. अंगठ्याचं मूळ दाबलं. ओरडले.
'काम काय करता?'
'प्रुफं वाचते. स्वयंपाक.'
'आणि?'
सांगितलं.
'रोज? ते बंद.'
बंद केलं नाही तर इंजेक्शन, मग कदाचित ऑपरेशन. पेन धरणं अवघड होत जाईल, म्हणाली. पेन गेलं तर मला उरेल ते फक्त हे घर.
माझ्यासाठी एक रबरी बॉल. टेबलावर ठेवायचा, वर कोपराखालचा भाग टेकवून हळू फिरवायचा. अंगठ्याच्या सुजेवर नाही.
सासूबाईंसाठी पायांवर फिरवायचा फोमचा रोलर. गुळगुळीत, मऊ. बोटाने दाबला तर दबला पाहिजे. कडक आणि खडबडीत असतात ते पळणाऱ्यांसाठी. खाली बसता येत नसेल तर हातात धरायची काठी मिळते, मऊ आवरणाची. नाहीतर खुर्चीत बसून तळपायाखाली बॉल.
'आणि त्यांनी स्वतः करायचं. जोर किती, ते ज्याचं त्यालाच कळतं.'
स्वतः. हा शब्द घरी कसा न्यायचा?
जाताना विचारलं तिने, रक्त पातळ व्हायची गोळी घेतात का. माहीत नाही म्हणाले. सासूबाईंच्या गोळ्यांचा डबा माझा नवरा, निलेश भरतो. त्याला विचारायचं.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ देऊन पाया पडले. 'गोड बोल,' म्हणाल्या. मी सकाळपासून एक शब्द बोलले नव्हते.
नि.ला विचारलं. 'बीपीची आहे. एक हार्टची, बारीक. का?'
'कसली ते माहीत आहे का?'
'डॉक्टरने दिली म्हणजे बरोबरच असेल ना.'
आज चेपलं. अंगठा वर उचलून, मुठीने. लगेच कळलं त्यांना.
'हात कुटं गेला तुजा?'

१७ जानेवारी
नि.ला फोटो पाठवला होता: गुळगुळीत, मऊ, काठीसारखा. तो मीरा रोडहून घेऊन आला काळा, जाड, अंगभर काटे. फणस.
'दुकानवाला बोला, यही चलता है. मऊवाले चार दिवसांत बसतात.'
'तुझ्या आईचे पाय बघितले का दुकानवाल्याने?'
'तुला प्रत्येक गोष्टीत चूक सापडते. कामच ते तुझं.'
सोबत बॉल आणला आहे. तो बरोबर आहे. मी ठेवून घेतला.

१८ जानेवारी
सासूबाईंनी रोलर बोटाने ढकलून पाहिला.
'यो काय हाय?'
'आई, खुर्चीत बसून तुम्ही स्वतःच फिरवलात ना, तर...'
'मी? मना सून हाय.'
आडव्या झाल्या. साडी वर.
तळव्यांनी फिरवला. अंगठा वाचला. हे मान्य करायला हवं.
'माजे पाय काय चपाती हाय?' मग थोड्या वेळाने, 'लागत न्हाय काय. जोर लाव.'
लावला.
'अजून.'
वजन टाकलं. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत, पुन्हा वर. बरं वाटलं. कुणाला, ते लिहीत नाही.
आज पहिल्यांदा त्या 'पुरे' म्हणाल्या.

१९ जानेवारी
दोन्ही पोटऱ्यांवर निळे डाग. जांभळे म्हणावेत असे. काट्यांच्या ओळी मोजता येतील.
नणंद आली, कल्पना. घोडबंदरला दिली आहे. आईचे पाय बघितले, माझ्याकडे बघितलं, फोन काढला. मी चहा ठेवेपर्यंत फोटो घरच्या ग्रुपवर. खाली एकाच मावशीने लिहिलं: आजकालच्या सुना. बाकीच्यांनी नुसते हात जोडले.
फिजिओला फोन केला. 'गोळीचं पाकीट वाचा.' वाचलं. मग म्हणाली, 'हीच ती. रक्त पातळ करते. अशा पायांवर हलका हात फिरवतानाही आधी डॉक्टरला विचारावं लागतं. आज दाखवा.'
डॉक्टरांनी पाहिलं. डाग जातील. रोलर बंद. माझ्याकडे न बघता म्हणाले, 'घरात कुणी एवढा जोर लावला?'
सासूबाई म्हणाल्या, 'सुनेनी.'
'अजून' कुणी म्हटलं, ते नाही सांगितलं. मीही नाही.

२० जानेवारी
नि.: 'जरा जपून करायचं. पाय आहेत ते, प्रूफ नाही.'
'गोळी तू भरतोस. रोलर तू आणलास.'
'पण फिरवला कुणी?'
'मग आजपासून तू चेप.'
'मी? आईचे?' खरंच चकित झाला. नाटक नव्हतं.
कल्पनाला म्हटलं, तुम्ही आहात दोन दिवस.
'मी लेक हाय, वहिनी. पाव्हनी.' आणि पाव्हनी जेवायला बसली.
या घराने मिठागरं विकली, शेत विकलं, त्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये आपण लिफ्टने वर येतो. पाय तेवढे जागेवर आहेत.

२२ जानेवारी
स्वतः गेले दुकानात. दुकानदाराने पुन्हा काटेरीच पुढे केला. 'मॅडम, सब यही ले जाते हैं.'
'सब के घर में सास मेरी नहीं है.'
हसला. मी नाही.
एकेक दाबून पाहिला, डाव्या हाताने. मऊ बॉल घेतला, तळपायापुरता. डॉक्टरांना फोनवर विचारून घेतला: तळपाय चालेल, पोटऱ्या नाहीत.
सासूबाईंच्या खुर्चीपाशी ठेवला. त्यांनी पायाने पलंगाखाली ढकलला.
घरातला फणस आता गॅलरीचं दार आपटू देत नाही. त्या कामाला चांगला आहे.

२५ जानेवारी
चेपणं बंद केल्यापासून रोज दिवेलागणीला त्या आडव्या होतात. साडी वर. डाग आता हिरवट, कडेने पिवळे. मी आतल्या खोलीत, टेबलावर बॉल, त्यावर हात. स्नायूत एक जागा सापडते, दाबून थांबलं की घाम फुटतो, मग ती सुटते. पेन आज एक फर्मा, सोळा पानं, टिकलं.
बाहेर त्या कण्हतात. टीव्हीवर जाहिराती लागल्या की वाढतं.
नि. दाराशी आला. 'पाच मिनिटं बसलीस तर काय होईल?'
'पाच मिनिटं तू बस.'
'आई हात लावू देत नाही मला. म्हणते, बाईल्या झालास का.'
म्हणजे त्याने विचारलं तरी. हे मला माहीत नव्हतं. माहीत झालं म्हणून काही बदललं नाही.

२७ जानेवारी
कल्पना पुन्हा. आईला घेऊन जाते म्हणाली. पिशवी भरली. सासूबाई पिशवीकडे बघत होत्या.
'तुज्या सासूचे पाय कोन चेपतं?'
'मीच.'
'मंग माजे कवा चेपशील?'
कल्पना एकटीच गेली.

२९ जानेवारी
प्रुफं संपत आली. दिवस कलताना सासूबाई आतल्या खोलीत आल्या. या खोलीत येत नाहीत. दाराची चौकट धरून, एकेक पाऊल. माझ्यासमोर खुर्चीत बसल्या.
'हात दाव. किती सोंग हाय, बघू.'
दिला. का दिला, कळलं नाही. त्यांचा तळवा खरखरीत. मिठाच्या पाण्याने सोलून पुन्हा पुन्हा भरलेला. अंगठ्याच्या मुळाशी न चुकता बोट टेकवलं आणि दाबलं. फिजिओला शोधावी लागली होती ती जागा.
ओरडले.
'हाय,' म्हणाल्या. 'दुकतंय खरं.'
हात सोडला नाही. मनगटापासून कोपरापर्यंत बोटं चालवत गेल्या, हाडाच्या कडेने, सावकाश. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. मी काहीतरी बोलेन असंही वाटलं.
'तू यम. ए. केलायस. तुज्या हातात बळ कमी,' एवढंच.
मग डावा हात मागितला. तोही बघितला. त्याच जागी दाबलं. मी ओरडले नाही.
'यो बरा हाय.'
उठल्या. चौकट धरून गेल्या. काडी ओढल्याचा आवाज, तेलाचा वास. मग पलंग कुरकुरला.
नि. हॉलमधून: 'अगं, आई आडवी झाली.'
डावा हात टेबलावर आहे. मी अजून उठलेली नाही.