उपरन्याखालचा सौदा

१० जानेवारी १९४९, सोमवार. टाकळी.

लिहिन्यात चुका होतील, आधीच माफी मागतो. माझी शाळा उर्दूतली, तीबी तिसरीत सुटली. ही बाळबोध अक्षरं माझ्या थोरल्या बहिनीनं, आसराबाईअक्कानं, चुलीपुढच्या राखेत बोट फिरवून शिकवली. एक ओळ लिहाया मला लै येळ लागतो. पर अक्का म्हनली, कडूबा, तोंडानं तं तू बोलत न्हाईस, वहीत तरी बोल.

काल राजूरहून धुळाजीमामाकडं आलो. मामा बैलबाजारातला दलाल. लेकरू न्हाई, म्हनून सख्ख्या भाच्याला हाताखाली बोलावलं. मी तं खुशीत गाडीतून उडीच मारली. साखरामामीनं धपाटं दिलं आन म्हनली, पोरगं हाय का मुकी म्हैस, आल्यापसून नुसती मान हालवून राह्यलं!

नदीच्या पल्याड वऱ्हाड. रझाकारांच्या गडबडीत तिकडचं काहीच इकडं येत नव्हतं. आमी अळनी भाकरी खाल्ली. आता पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, हद्दीवरचा नाका उघडला, आन नदीच्या वाळूत रविवारचा बाजार पुन्ना भरून राह्यला. इकडून बैल, सरकी, मिरची जाती. तिकडून मीठ, कापड, घासलेट येतं. मामा म्हनतो, ज्याच्यासंग सौदा चालू हाय त्याचं घर कोन जाळन? बाजार टिकला तं दोन्ही काठ टिकतेल.

१२ जानेवारी, बुधवार.

मामाकडं एक पोरगा आधीच हाय. मच्छिंद्र. गडबडीत त्याचे मायबाप गेले, हा पल्याड छावनीत राह्यला, तिथं वऱ्हाडी लोकांची चाकरी केली. त्याच्यामुळंच पल्याडच्या गाड्या टाकळीला येती, असं मामा सगळ्यांला सांगतो. मामी त्याला ताटात आधी वाढती. दुधाची साय त्याला. मी सख्खा भाचा, हा कोन?

मामानं मला सौदा शिकवला. बैलाचा भाव तोंडानं बोलत न्हाईत, दुसऱ्यानं ऐकला तं बिघडतो. हातावर उपरनं टाकायचं, खालून बोटं धरून भाव सांगायचा. पटला तं मूठ दाबायची. न्हाई पटला तं मोठ्यानं "सुटला" म्हनायचं, आन मंगच हात काढायचा. न म्हनता काढला तं सौदा चालूच राह्यतो, समोरचा कवाबी येऊन मागू शकतो.

मला हे लै आवडलं. बोलायचं कामच न्हाई. फक्त ते "सुटला" तेवढं घशातून निघंना. मच्छिंद्र हसून म्हनला, कडूबा, हळू म्हन रं, बैल बुजतेल.

१६ जानेवारी, रविवार.

पयला बाजार बघितला. मच्छिंद्रचा हात उपरन्याखाली गेला की पल्याडचे शेठ हसाया लागती. मुकुंदशेठ मिठाचा आन बैलाचा मोठा व्यापारी, त्यानं तं त्याच्या पाठीवर थाप मारली. मामाची छाती फुगली. माझ्याकडं कोन्ही बघितलं न्हाई. मी बैलाला पानी पाजून राह्यलो.

बाभळीखाली एक सपाट दगड हाय. सगळा बाजार भरला तरी त्याच्यापुढं कोन्ही बसत न्हाई. मामीला इच्यारलं. ती म्हनली, मुकुंदशेठचा भाऊ गिरिधरशेठ तिथं बसायचा. गडबडीत त्याला तिथंच मारलं, हात उपरन्याखाली असताना. सौदा झालाबी न्हाई आन सुटलाबी न्हाई. समोर कोन बसलं होतं, ते मातर मामी बोलली न्हाई.

१८ जानेवारी, मंगळवार.

भर दुपारी वाळूत कोन्ही नव्हतं. मी त्याच दगडापुढं बसलो. हाताला सौदा शिकवायचा होता. उपरनं टाकलं आन खाली हात घातला.

माझं बोट धरलं.

थंड हात. जाड. बोटांवर मिठासारखं खरखरीत. समोर दगडच, दुसरं काही न्हाई. भाव इच्यारतेत तसं त्यानं माझं बोट दाबलं. मला काय पाहिजे असं इच्यारून राह्यला, हे मला बराबर समजलं. भ्यालो, तरी मनात तेच आलं जे रोज येतं. मच्छिंद्रच्या हातातलं सगळं मला पाहिजे.

मंग हात ओढून पळालो. "सुटला" म्हनलो न्हाई. तोंडच उघडलं न्हाई.

२३ जानेवारी, रविवार.

मच्छिंद्रची करंगळी बधिर झाली. पांढरी, कोरडी. पल्याडच्या एका शेठला त्यानं भाव चुकीचा सांगितला. मामा त्याच्यावर खेकसला. मामानं मला बसवलं, आन माझी बोटं आपोआप चालली. दोन बैल गेले. मामा म्हनला, शाब्बास वाघा.

मामीनं साय मला वाढली. मला वाईट वाटाया पाहिजे होतं. न्हाई वाटलं.

३० जानेवारी, रविवार.

आनखीन दोन बोटं. वैद्यानं सुई टोचली तरी मच्छिंद्रला कळालं न्हाई. मामी त्याचा हात मांडीवर घिऊन रडली. दिवसभर. माझ्याकडं पाठ करून.

दुखनं आलं तरी लाड त्याचेच.

माझा हात भाकर खाताना खारट लागून राह्यला.

६ फेब्रुवारी, रविवार.

मच्छिंद्रची चारी बोटं गेली. अंगठा राह्यला. आज मुकुंदशेठसमोर मीच बसलो. उपरनं टाकलं. मी त्याचं बोट धरलं, आन त्याचं तोंड पांढरं पडलं. त्यानं माझी बोटं चाचपली, एक एक. मंग रडाया लागला. म्हनला, ही दादाची पकड हाय. माझ्या दादाचा हात हाय हा. तुमीच मारला आन त्याच्याच हातानं मला भाव सांगून राह्यले?

पल्याडच्या सगळ्या गाड्या माल न उतरवता माघारी गेल्या. नाक्यावर दगड फेकले. इकडच्यांनीबी फेकले. मामा वाळूत मटकन बसला. म्हनला, आता पुन्ना जाळाजाळी हुईल.

८ फेब्रुवारी, मंगळवार.

मच्छिंद्र म्हनतो, मी पल्याड जातो, पाया पडतो, त्यांला आनतो. मामानं त्याला पोटाशी धरलं. मला न्हाई.

दुपारी दगडाकडं गेलो. अंगठा राह्यला हाय तवर सौदा पुरा न्हाई, सुटू शकतो. "सुटला" येवढंच म्हनायचं होतं. हात घातला. त्यानं धरला. मी तोंड उघडलं, आवाजबी आल्ता घशापर्यंत —

म्हनलो तं मच्छिंद्र बरा हुईल. गाड्या आनील. मामा त्यालाच —

मी तोंड मिटलं.

त्यानं मूठ दाबली.

९ फेब्रुवारी

मच्छिंद्र गेला. रातच्याला नाका चुकवून डोहातून निघाला होता — हात चालंना म्हनून पोहता — मामी छाती बडवून —

पल्याडचे म्हनती आमच्या लोकांनी बुडवला. आमचे म्हनती त्यांनी. दोन्हीकडं काठ्या काढल्या.

मला पाहिजे ते मिळालं. आता घरात मी एकलाच —

११ फेब्रुवारी

डाव्या हातानं लिहून राह्यलो. उजवा माझं ऐकत न्हाई. पांढरा. तो उपरनं शोधतो. मी लपवलं तरी शोधतो. अजून कोनाशी तरी त्याचा सौदा —

मामीला इच्यारलं, त्या दिशी गिरिधरशेठसमोर कोन बसलं होतं. ती नुसती मामाकडं बघत —

१२

मामा जवळ येऊन बसला. पयल्यांदाच असा. म्हनला, आता तूच हाईस रं लेकरा. हात गार पडलाय तुझा, तेल कोमट करून आनतो, उपरन्यात धरून चोळून देतो. गेला चुलीपाशी.

उपरन्यात नको. सांगाया पाहिजे. मामा, उपरन्यात —

आवाज न्हाई निघून राह्यला

येतोय. खांद्यावर उपरनं. उजवा हात आपोआप उठला, त्याचा जुना सौदा मामाशीच हाय. रस्त्यावरून पोरं वरडून राह्यली, जाफराबादला नवी मोटार आली म्हनं, लाल, सारं गाव बघाया चाललं, तुमीबी जल्दी या —