गाठीचा पान्हा

खर्डी,
१२ जानेवारी २०२५

नमू,

फोन केला की तू कट करतेस, म्हणून कागद घेतला. मुरबाडला सगळी बरी असाल. आमच्याकडे भाताची झोडणी उरकली, वाल फुलावर आलाय. सासूबाईंचे गुडघे गेले पण तोंड ठणठणीत. मनस्वी चार वर्षांची झाली. तुझ्यासारखीच झोपेत दात खाते.

लिहायचंय ते वेगळंच, पण सुरुवात सापडत नाय.

तुला टीबी निघाला तेव्हा दीड महिन्याची मनस्वी तू माझ्याकडे दिलीस. "सहा महिने सांभाळ, ताई," म्हणालीस. रडायची म्हणून मी तिला कोरड्या छातीला लावायची. सोळाव्या दिवशी दूध आलं. बारा वर्षं मूल नसलेल्या बाईला दूध! सासूबाईंनी गावदेवीपुढे नारळ फोडला, बायकांनी माझी ओटी भरली. ठरूनच गेलं, देवीने जिला पान्हा दिला, पोर तिची. तू बरी होऊन न्यायला आलीस तेव्हा हेच मी तुझ्या तोंडावर मारलं. तू एसटीत रडत गेलीस, हे मला शेजारच्या कमळूने सांगितलं होतं.

गणपतीनंतर माझं डोकं फार दुखायला लागलं. समोरचं स्वच्छ दिसायचं, कडेचं गायब. कल्याणच्या डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा फोटो काढला. म्हणाल्या, मेंदूखाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिच्यात गाठ झालीय, कॅन्सरची नाय. दूध आणणारं हार्मोन त्यातून भसाभस सुटतंय. पाळी त्यानेच बंद, मूल त्यानेच झालं नाय, आणि पोर ओढायला लागली तसं दूधही त्यानेच आलं.

मी विचारलं, "आणि माया?"

"ते मेंदूवरही काम करतं, बाईला लेकराकडे ओढतं. पण माया एकट्या त्याची नसते."

मग किती त्याची नि किती माझी?

आठवड्यातून दोनदा अर्धी गोळी दिली. खरं लिहिते, दोन महिने मी गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवल्या. दूध आटलं तर पोर माझी कशी राहील, ही भीती. मग स्टेशनजवळ कडेने रिक्षा आली, मला दिसलीच नाय. मनस्वीचा हात माझ्या हातात होता. तिचा पाय खरचटला, तेवढ्यावर निभावलं. त्या दिवसापासून गोळी घेते.

महिन्यात दूध आटलं. आता रोज सकाळी मी स्वतःला तपासते, तिला बघून पोटात हलतं का. कधी हलतं, कधी नुसता वैताग येतो. काल चापट मारली नि तिच्याआधी मीच रडले. हे गोळीमुळे, की सगळ्याच आया अशा असतात? तुझा ओमकार लहान असताना तुझं असं व्हायचं का गो? दुसऱ्या कोणाला विचारू?

सासूबाई म्हणतात, "गाठपण देवीनेच दिली." मलाही कधी तसं वाटतं. मग वाटतं, ही माझी सोय आहे.

नमू, पोर उचलून द्यायची हिंमत माझ्यात नाय. पण ज्या शब्दावर तिला ठेवली तो शब्दच राहिला नाय. तू ये. मी दार अडवणार नाय. तू कोण ते तिला काल सांगितलं. तिने विचारलं, "मग तू कोण?" तिला उत्तर दिलं नाय, इथे पहिल्यांदा लिहिते.

तिची मावशी,
कविता