तळघरातला दिवा

३ ऑक्टोबर, पिस्कॅटवे
ग्रीन कार्ड टिकवायचा अर्ज नामंजूर. कारण काय, तर मी अमेरिकेत राहतच नाही! लहानपणी आईबाबांबरोबर कार्ड मिळालं. ते दोघं कंटाळून बार्शीला परत गेले, मी राहिलो. रवींद्रकाकाच्या तळघरात माझी स्वतःची खोली आहे. मधे मधे व्हिएतनाम, पोर्तुगाल, परत व्हिएतनाम झालं, ते सोडा. फिरणं वेगळं, राहणं वेगळं. अपील करणार. उद्यापासून सहाला उठायचं.

४ ऑक्टोबर
सकाळी अकराला उठलो. वकील मिळाली, आश्लेषा. पुण्याची, एकदम थंड. म्हणाली, तू बाहेर असतानाही घर इथंच होतं याचा पुरावा आण. बँक, टॅक्स, काहीही. म्हटलं, ढीग आहे. खोकं उघडलं. माउथऑर्गन सापडला. दुपार गेली.

९ ऑक्टोबर
खोलीतला टेबललॅम्प सातला आपोआप लागतो. रोज दचकतो. आज शुभाकाकूला विचारलं. म्हणाली, तू गेलास की तुझा काका त्याला टायमर लावायचा, दिवेलागणीला पोराची खोली अंधारी नको म्हणून. आलास की काढायचा. या खेपेला काढायला तो नाही, आणि मी काही टायमरला हात लावणार नाही, म्हणाली.
काका मार्चमध्ये गेला. मी तेव्हा व्हिएतनाममध्ये. फोन चार्ज नव्हता.

११ ऑक्टोबर
रोज संध्याकाळी सातला फिरायला जायचं ठरवलं. तब्येतीसाठी.

२२ ऑक्टोबर
पुरावा मिळाला! समोरचे पंडितकाका, नागपूरचे, रिटायर झाल्यापासून खिडकीतच बसतात. म्हणाले, बाबू, तुझ्या खोलीतला दिवा तर मी कितीक वर्षं रोज पाहून राहिलो. साक्षीदार! आश्लेषाला लगेच फोन. तिनं विचारलं, दिवा लावायचं कोण? म्हटलं, यार, तपशिलात नको शिरूस. म्हणाली, खोटं चालणार नाही. खोटं कुठाय? खोली माझी, दिवा माझा. रोज लागायचा म्हणजे एका अर्थी मी होतोच.

१४ नोव्हेंबर
बँकेचे कागद उद्या नक्की. जॉर्जियाची तिकिटं स्वस्त झालीत. देश जॉर्जिया. फक्त बघितली.
पाऊस होता म्हणून सातला घरीच. दिवा लागला. खुर्चीतून आत्ताच कोणी उठून गेल्यासारखं वाटलं. उजेड पडला की खोली माझ्याकडे परक्या माणसाकडे बघावं तशी बघते. छत्री घेऊन बाहेर पडलो.

८ जानेवारी
आश्लेषा म्हणते, साक्षीदार नको, कागद आण. कागदांचं राहिलंच. पंडितकाकांसाठी मी हट्टच धरला. शेवटी म्हणाली, तुझी जबाबदारी. अर्थातच.

१२ जानेवारी, सुनावणी
पंडितकाका कोट घालून, दाढी करून आले. गाडीत बजावलं, फक्त दिव्याचं बोला. ते फक्त दिव्याचंच बोलले. सरकारी वकिलानं विचारलं, दिवा दिसला म्हणजे हा घरात असायचा? पंडितकाका म्हणाले, छे छे, उलटं! दिवा दिसला म्हणजे पोरगा बाहेर. रवींद्रनं स्वतः सांगितलं होतं मला. मग वकिलानं विचारलं, दिवा बंद कधी असायचा? पंडितकाकांनी खूप आठवलं. म्हणाले, एक दिवाळी.
आणि माझ्याकडे बघून मान हलवली, काम फत्ते केल्यासारखी.
आश्लेषानं पेनाचं टोपण लावलं.

१३ जानेवारी
काल तिथल्या तिथे अपील फेटाळलं. अजून वर जाता येतं. सोमवारपासून जोरात लागणार.
त्याआधी आज टायमर काढून टाकायचं ठरवलं. काकानं प्लगला चिकटपट्टी गुंडाळून ठेवलीय, निघू नये म्हणून. तीन वेढे. टोक सापडेना. मग शोधलंच नाही.
सातला दिवा लागला. आज फिरायला गेलो नाही. त्या खुर्चीत बसून राहिलो. भूक लागली तेव्हा वर गेलो.
काकूनं एकच ताट घेतलं होतं, अर्धं जेवूनही झालं होतं. दचकली. म्हणाली, अगबाई, तू आहेस होय? जिन्यात उजेड दिसला, म्हटलं, गेलास.