चावी काढली तरी फिरणारा स्टार्टर

॥ श्री ॥

नाशिक,
१० जानेवारी १९८३

तीर्थरूप कारभारीमामांना जावई रंगनाथाचा दोन्ही हात जोडून नमस्कार (उजव्याला पट्टी आहे, तेवढं चालवून घ्या). आपला गुडघा कसा आहे? कांद्याची लागवड उरकली असेल. मामींनाही नमस्कार सांगा, पण पत्र पूर्ण वाचून झाल्यावर.

मामा, आपण नवी गाडी घेतलीत आणि जुनी पिकअप कौतुकानं आम्हाला दिलीत, त्याबद्दल मी कधी ब्र काढला नाही. आता काढतो. हिचा स्टार्टर एकदा लागला की सुटत नाही. इंजिन सुरू झालं, काम झालं, आता त्यानं गप्प बसावं की नाही? पण तो आपला खर्रर्र करत फिरतोच आहे. चावी मागे घ्या, काढून खिशात घाला, त्याला त्याचं सोयरसुतक नाही.

गेल्या आठवड्यात देवळाली कॅम्पात भाजी उतरवून निघालो, तर हेच झालं. चावी काढली, बॉनेट उघडायला खाली उतरलो, आणि हँडब्रेक नाही म्हणून सवयीनं गिअर टाकून उतरलो (ही सवयही आपणच लावलीत). इंजिन बंद, चावी माझ्या मुठीत, आणि गाडी नुसत्या स्टार्टरच्या जोरावर उचक्या देत भर बाजारातून निघाली! पुढे ती, मागे मी. एका जवानानं विचारलं, "अरे, गाडी चला कौन रहा है?" काय सांगणार, कप्पाळ? शेवटी पेरूच्या हातगाडीला टेकून थांबली. पेरूवाला जे बोलला ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तारांतून धूर यायला लागला, तेव्हा बॅटरीची तार मी हातानंच ओढून काढली. पट्टी त्याचीच आहे.

मग भिका फिटरनं निदान सुरू केलं. आधी चावीचं स्विच बदललं. मग स्टार्टरला करंट सोडणारी डबी उघडून आतून घासली. म्हणाला, "शेठ, ही आतून चिकटत व्हती. आता नाय चिकटायची." दुसऱ्याच दिवशी चिकटली. शेजारचे देवराम गुरुजी तोंडात ब्रश धरून रोज येतात आणि पान्यानं ठोका म्हणतात. मी ठोकलंही. (आपण म्हणाल, जावयाला काय झालं? मामा, माणूस अशा वेळी कुणाचंही ऐकतो.)

शेवटी मी स्वतः बॉनेटमध्ये डोकं घातलं, तर आत काय, मामींनी दसऱ्याला बांधलेलं लिंबू-मिरची! बाहेर बांधलं तर पोरं तोडतात म्हणून आत, आणि दोरा इंजिनाच्या धगीनं कुजतो म्हणून तांब्याच्या तारेत ओवलेलं. ती तार लोंबून त्या डबीवर टेकलेली. म्हणजे चावीविनाच करंट चालू! माझं टाळकं सरकलं. अंगणातूनच ओरडलो, "अगं, गाडीला बाहेरच्या कुणाची नाही, तुझ्या आईचीच नजर लागलीय!" सुलानं मळलेलं पीठ परातीत तसंच सोडलं, हात धुतले आणि दुपारच्या एस.टी.नं तुमच्याकडे निघून आली. तिनं मात्र तिकडे "सहज आले" असंच सांगितलं असणार.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला जावई,
रंगनाथ

ता. क. : लिंबू काढल्यावर गाडी शहाण्यासारखी वागत होती. काल स्टार्टर पुन्हा अडकला. म्हणजे मामींच्या लिंबाचा काही दोष नव्हता. हे त्यांना कसं सांगायचं ते आपणच ठरवा.

आणखी ता. क. : खरं म्हणजे स्टार्टरचं काही एवढं नाही, बॅटरीची तार काढली की तो थांबतो. मला घरात करमत नाही, मामा. सुला आपण होऊन येणार नाही (हट्ट तुमच्याकडून आलाय), आणि सासरच्या बोलावण्याशिवाय जावयानं बायकोला आणायला गेलेलं आमच्या आईला चालत नाही. तेव्हा आपणच एक कार्ड टाका : "काम निघालंय, जावईबापूंनी ताबडतोब यावं." काम काय ते लिहू नका.

शेवटचा ता. क. : कार्डाची वाट बघणं काही जमायचं नाही. शुक्रवारी पहिल्या एस.टी.नं मी येतोच आहे, आईला काय वाटायचं ते वाटो. मामींची माफी दारातच मागेन. फक्त तेव्हा सुला शेतात नको, घरात असू द्या. तिनंही ऐकायला हवं.